पंधरा दिवसांचा कोच

२१ जून २०२३. बंगळूरच्या कांतिरवा स्टेडियमवर पाऊस कोसळत होता. इकडे नागपुरात मृग लागून दोन आठवडे होत आले तरी आभाळ कोरडंच होतं. अजनीत मित्राच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण एका मोबाईलभोवती डोकी लावून बसलो होतो. दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा, भारत विरुद्ध पाकिस्तान, भारताचे दोन गोल झालेले, पूर्वार्ध संपत आलेला. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घ्यायला रेषेवर आला आणि मागून भारताच्या कोचने, इगोर स्टिमॅकने, त्याच्या हातातला बॉलच उडवला. धक्काबुक्की झाली, रेफरीने लाल कार्ड काढलं. गच्चीवर हशा पिकला. "अबे, हे बुढं पागल झालं का बे?" असं कुणी तरी म्हणालं.

मलाही हसू आलं, पण बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कारणाने. रेल्वे कॉलनीच्या टीममध्ये अकरा वर्षं मी स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, होतो. समोरचा घाईत थ्रो घेतो आहे, आपली लाइन अजून लागलेली नाही, अशा वेळी हात-पाय डोक्याच्या आधी हलतात. इगोर स्टिमॅक तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता, खेळणं सोडून वीस वर्षं झाली होती, तरी आतला बचावपटू निवृत्त झालेला नव्हता. पुढे त्याने सांगितलंही, की आपल्या पोरांवर अन्याय होत असेल तर पुन्हा तेच करीन. शिस्त म्हणून ते चूकच होतं. त्याच स्पर्धेत कुवेतविरुद्ध त्याला दुसरं लाल कार्ड मिळालं, तेव्हा मीही कपाळाला हात लावला.

भारताचा कोच म्हणून या माणसाच्या पाच वर्षांबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, तो बडबड्या होता, हाकललं ते बरं झालं. दुसरं, परदेशी कोच आणून फायदा नाही, आपलाच माणूस हवा. माझं भांडण दोन्ही मतांशी आहे. ते नागपुरात बसून मांडतो आहे, कारण दिल्लीतल्या फुटबॉल हाऊसचा, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कचेरीचा, जो रोग आहे तोच आमच्या शाळांच्या मैदानावर मी दर पावसाळ्यात बघतो.

आधी माणूस कोण ते सांगतो. क्रोएशियातल्या मेत्कोविचचा. १९८७ साली चिलीत युगोस्लाव्हियाने युवा विश्वचषक जिंकला, त्या संघात हा होता. सूकर, बोबान, प्रोसिनेच्की ही मंडळी त्याच संघातली. नंतर हायडुक स्प्लिट, स्पेनमध्ये काडिझ, आणि १९९५ मध्ये इंग्लंडचा डर्बी काउंटी. डर्बीकडून पहिल्याच सामन्यात संघाने पाच गोल खाल्ले. एक गोल झाला तो मात्र याने केला. त्यानंतर वीस सामने डर्बी हरला नाही आणि मोसमाअखेर प्रीमियर लीगमध्ये चढला. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशिया तिसरा आला, त्या बचावफळीत हा उभा होता. कोच म्हणून २०१२-१३ मध्ये क्रोएशियाचा राष्ट्रीय संघ त्याच्या हाती होता. गटात दुसरा आला, पण प्लेऑफच्या आधीच त्याला दूर केलं. मे २०१९ मध्ये तो भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. जून २०२४ मध्ये आपल्या महासंघाने त्याला काढलं.

या पाच वर्षांचे निकाल सगळ्यांना तोंडपाठ आहेत. मी एकदा निकालांशेजारी दुसरा एक आकडा लिहून काढला. सामन्याआधी पोरं किती दिवस एकत्र होती?

२०२२ मध्ये आशियाई चषकाची पात्रता फेरी होती. एप्रिलअखेरपासून आधी बेल्लारी, मग कोलकाता असं शिबिर चाललं. जूनमध्ये कंबोडिया, अफगाणिस्तान, हाँगकाँग असे तिन्ही सामने भारताने जिंकले, शेवटचा ४-० असा. २०२३ मध्ये मेच्या मध्यापासून भुवनेश्वरला शिबिर लागलं आणि ४ जुलैच्या सॅफ फायनलपर्यंत संघ पन्नासेक दिवस एकत्र राहिला. इंटरकॉन्टिनेंटल चषक जिंकला, सॅफही जिंकला. मार्चमधले इंफाळचे दोन सामने धरून त्या वर्षी ओळीने आठ सामन्यांत भारताने एकही गोल खाल्ला नाही. नवव्यात जो पडला, तोही आपल्याच अन्वर अलीच्या पायाला लागून आत गेला. जुलैत जागतिक क्रमवारीत भारत ९९ वर पोचला.

मग सप्टेंबरात हांगझोऊचे आशियाई खेळ आले. आधी क्रीडा मंत्रालय म्हणालं, आशियात पहिल्या आठांत नाही तर जायचं नाही. कोचने थेट पंतप्रधानांना उघडं पत्र लिहिलं, परवानगी मिळाली. त्यानंतर क्लब खेळाडू सोडेनात. शेवटी कसाबसा जुळवलेला संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनला उतरला आणि दुसऱ्या दिवशी चीनकडून ५-१ ने हरला. जानेवारीतल्या आशियाई चषकासाठी त्याने चार आठवडे मागितले होते, मिळाले जेमतेम दोन. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तीन सामने, सहा गोल खाल्ले, एकही केला नाही.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. दिवस दिले की जिंकतो, नाही दिले की हरतो. पण मे २०२४ मध्ये त्याला भुवनेश्वरला जवळपास चार आठवडे मिळाले होते. ६ जूनला कोलकात्यात कुवेतला हरवलं असतं तर विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी जवळपास हातात होती. सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना, सॉल्ट लेक स्टेडियम भरलेलं, आणि निकाल ०-०. त्याच्या आधी मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ ने हरवलं होतं. भारताचा एकमेव गोल छेत्रीचा, तोही पेनल्टीवर. पुढे ११ जूनला दोहात रेषेबाहेर गेलेला बॉल आत ओढून कतारने गोल केला, तो अन्याय खराच. पण त्या रात्री नशिबाला शिव्या घालणाऱ्यांना मी एवढंच विचारलं, की गुवाहाटी आणि कोलकात्याचं काय?

बचाव शिबिरात बसवता येतो. मी खेळलो आहे, म्हणून सांगतो. चार जणांची ओळ कधी पुढे सरकायची, कुणी बोलायचं, कुणी मागे पडायचं, हे रोज दोन तास घोटलं तर महिन्याभरात अंगात मुरतं. स्टिमॅकला हे शिकवता येत होतं, आठ कोरे सामने त्याचेच. गोल करणारा पोरगा मात्र महिन्याभरात तयार होत नाही. तो आठव्या-दहाव्या वर्षापासून रोज बॉलशी खेळून तयार होतो आणि मग मोठ्या क्लबात त्याला त्या जागेवर खेळायला मिळावं लागतं. आपल्या लीगमध्ये नऊ नंबरची, म्हणजे मुख्य फॉरवर्डची, जागा बहुतेक परदेशी खेळाडूकडे असते. म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षीही छेत्रीच लागत होता. वरच्या कोचला दिवस लागतात आणि खालच्या कोचला वर्षं. आपण दोघांनाही ते देत नाही.

स्टिमॅकच्या चुका झाकायच्या नाहीत. तोंड सैल होतं. मार्च २०२४ मध्ये स्वतःच म्हणाला, की तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर मी जाईन. नेलं नाही, आणि गेलाही नाही, काढावं लागलं. करार २०२६ पर्यंत वाढवून दिलेला होता, त्यामुळे वाद दाव्यापर्यंत गेला आणि बातम्यांप्रमाणे महासंघाला त्याला सुमारे चार लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. साडेतीन कोटींच्या आसपासची ही रक्कम कामाचा मोबदला नव्हती, काम न करण्याचा होती. करार वाढवताना हरल्यास मोकळं करायची अट त्यात का नव्हती, हा प्रश्न कोचला नाही, सही करणाऱ्याला विचारायचा असतो.

त्याच्यानंतर काय झालं ते बघा. जुलै २०२४ मध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ आले. भला माणूस, चांगला कोच, पण पहिलं वर्ष त्यांनी एकाच वेळी एफसी गोवा हा क्लबही सांभाळायचा आणि देशही. देशाचा अर्धवेळ कोच! त्यांच्या आठ सामन्यांत एकच विजय, मालदीवविरुद्ध, आणि त्यासाठी निवृत्त छेत्रीला परत बोलवावं लागलं. जून २०२५ मध्ये हाँगकाँगने हरवलं, ते गेले. मग ऑगस्टमध्ये खालिद जमील. 'आपलाच माणूस हवा' म्हणणाऱ्यांची इच्छा पुरी झाली, आणि मलाही मनापासून आनंद झाला. खालिदने २०१६-१७ मध्ये आयझॉल क्लबला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची मुख्य लीग, जिंकून दिली, तीही आदल्या मोसमात तळाजवळ जाऊन बाहेर पडलेल्या आणि कसाबसा परत घेतलेल्या संघाकडून. त्याआधी मुंबई एफसीत सात वर्षांच्या आसपास एकाच बाकावर बसलेला माणूस. त्याला कुणी तरी वर्षं दिली होती, म्हणून तो कोच झाला.

देशाचा कोच म्हणून मात्र पहिल्याच शिबिराला एका मोठ्या क्लबने खेळाडू पाठवले नाहीत. तरी मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आणला. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. क्रोएशियन झाला, स्पॅनिश झाला, भारतीय झाला. पासपोर्ट बदलले, शिबिरांची रडगाणी तीच राहिली.

या सगळ्यात एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. महेश गवळी. नाव ऐकून आमच्याकडे पुष्कळांना वाटतं आपल्या इकडचाच कुणी; तो गोव्याचा. तोही बचावपटू. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान चषक जिंकला त्या संघात होता, महिंद्रा युनायटेडला खेळला, डेम्पोला खेळला, भारताचा स्टॉपर म्हणून वर्षानुवर्षं उभा राहिला. २०२३ च्या सॅफमध्ये तो स्टिमॅकचा सहायक होता. साहेबांना कार्ड मिळालं की रेषेवर उभं राहायचं ते गवळीने. नेपाळविरुद्ध तो उभा होता, जिंकलो. उपांत्य सामन्यात लेबनॉनविरुद्ध तो उभा होता, पेनल्टीवर जिंकलो. फायनलला कुवेतविरुद्ध तो उभा होता, पुन्हा पेनल्टी, गुरप्रीतने शेवटचा बॉल अडवला, चषक आला. स्पर्धा संपली, गवळी परत दुसऱ्या खुर्चीवर. त्याने त्याबद्दल गाजावाजा केल्याचं मी तरी ऐकलं नाही. स्टॉपर असतातच तसे. फॉरवर्डने दहा चुकवून एक मारला तर त्याला खांद्यावर घेतात, स्टॉपरच्या पायाखालून एक गेला तर आठवडाभर पोह्याच्या ठेल्यावर तेच.

असे दुसऱ्या खुर्चीवरचे लोक गावोगाव आहेत. महाराष्ट्रात तर खुर्चीच काढून घेतली. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद, पुणे एफसी बंद, डीएसके शिवाजियन्स बंद, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद. इतके क्लब बुडाल्यावर त्यांतून निवृत्त होणारे खेळाडू कोच तरी कुठे होणार?

आता नागपूर. इथे फुटबॉल नाही असं पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात, त्यांनी एकदा कामठीत येऊन सामना बघावा. रब्बानी क्लब, मोमीनपुऱ्याचा यंग मुस्लिम, राहुल क्लब, रेल्वेचा संघ. लीगच्या चुरशीच्या सामन्याला मैदानाभोवती माणूस मावत नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन २००१ पासून जे उभं केलं, त्यावर तर हिंदी सिनेमा निघाला. पोरांची, हौसेची, घामाची इथे कमी नाही. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला जातो म्हणून पहाटे साडेपाचला बूट बांधणारी पोरं मी रोज बघतो.

कमी काय आहे ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका शाळेतून शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकासाठी फोन आला. नाव घेत नाही, कारण अशी ती एकटी नाही. "सर, सुब्रतोच्या जिल्हा सामन्यांना पंधरा दिवस राहिलेत, टीम बसवून द्याल का?" मी गेलो. बावीस पोरं, त्यांत बूट चौघांना. चार कोन, दोन बॉल, पैकी एकाची शिवण उसवलेली. सतराखालच्या गटात स्टॉपर म्हणून एक उंचापुरा पोरगा उभा केला. उडी चांगली, धाडस चांगलं. खोट एकच, आणि ती नव्वद टक्के पोरांत असते: तो फक्त बॉलकडे बघायचा. बॉल डाव्या बाजूला गेला की पूर्ण अंग डावीकडे वळायचं आणि पाठीमागे उजवीकडून कोण येतो आहे त्याचा पत्ता नाही. मी त्याला तिरकं उभं राहायला शिकवलं, एक खांदा बॉलकडे, एक माणसाकडे. बॉल हवेत असताना मान मागे वळवून बघायची, मग परत बॉल. मी मागे उभा राहून हाताची बोटं वर करायचो, त्याने बॉल पायात घेण्याआधी ओरडून सांगायचं किती. "तीन!" "दोन!" पोट्ट्याला मजा येऊ लागली. दहाव्या दिवशी दहात सहा वेळा बरोबर सांगायचा.

त्यात चार दिवस मैदान मिळालं नाही. एक दिवस पाऊस, दोन दिवस कुठलासा मंडप, एक दिवस युनिट टेस्ट.

सामन्यात पंचावन्न मिनिटं त्याने मान वळवली. छपन्नाव्या मिनिटाला दमला, डोळे बॉलवर गेले, पाठीमागून एक बारका पोरगा आला आणि डोक्याने बॉल आत टाकून गेला. १-० ने बाहेर. शाळेचे क्रीडाशिक्षक मला पाकीट देताना म्हणाले, "यंदा जमलं नाही सर, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी बोलवून बघू." तो पोरगा दप्तर घेऊन बाकावर बसलेला होता. त्याला मी म्हणालो, तुझी चूक नाही, अजून सहा महिने हवे होते. तो म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी मी दहावीत." मला बोलायला काही राहिलं नाही.

मी स्टिमॅक नव्हे, ती शाळा म्हणजे महासंघ नव्हे. पण पंधरा दिवसांत टीम बसवून मागायची आणि सोळाव्या दिवशी कोच बदलायचा, ही रीत वरपासून खालपर्यंत एकच आहे. आणि पाकीट घेऊन गप्प बसणारा मीही तिच्यातला.

कुणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा. शाळा त्या पंधरा दिवसांसाठी जे देते, त्यात वर्षभराचा माणूस मिळणार नाही हे खरं. पण मनपाची आणि नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) मैदानं शहरभर आहेत. त्यांतल्या प्रत्येकावर आठवड्यातल्या तीन संध्याकाळी फुटबॉलच्या, असं वेळापत्रक भिंतीवर रंगवायला कोटी लागत नाहीत. आजूबाजूच्या तीन-चार शाळांनी मिळून एक डी लायसन्सवाला, म्हणजे प्राथमिक परवाना असलेला, कोच दहा महिने ठेवायचा, पगार वाटून घ्यायचा. त्या संध्याकाळी लग्नाचा मंडप नाही, फटाक्यांचे स्टॉल नाहीत, सभा नाही. डिसेंबरात अधिवेशनाचे मोर्चे यशवंत स्टेडियममधून निघतात, ते निघोत, लोकशाही आहे. बाकीची मैदानं तरी मोकळी सोडा. बारा वर्षांखालच्या पोरांना त्या दहा महिन्यांत एकही चषक दिला नाही तरी चालेल. मान मागे वळवायची सवय लागली तरी माझं समाधान आहे.

हे नागपूरला नवं नाही, फक्त दुसऱ्या खेळात माहीत आहे. २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली विदर्भाने ओळीने दोनदा रणजी जिंकली तेव्हा सगळे म्हणाले, मुंबईचा कडक मास्तर आला म्हणून जमलं. पंडित गेले. २०२४-२५ मध्ये घरचे उस्मान गनी कोच होते, आणि नागपूरच्या जामठ्यात केरळविरुद्धची फायनल अनिर्णित राहूनही पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. बाहेरचा असो की घरचा, दोघांनाही रोजच्या सरावाला मैदान, खेळपट्टी आणि वयोगटांतून वर आलेली पोरं तयार मिळाली. फुटबॉलचा कोच त्याच शहरात सकाळी स्वतः फक्की मारून रेघा ओढतो, आणि संध्याकाळी येऊन बघतो तर रेघांवर कुणाची तरी वाहनं उभी.

राष्ट्रीय संघाचा पुढचा कोच नेमताना करारात पगाराच्या ओळीखाली एक ओळ असावी: वर्षाला इतके दिवस संघ तुझ्या ताब्यात, आणि क्लबांची त्यावर सही. ते दिवस देऊन हरला तर खुशाल काढा, मीही टाळ्या वाजवीन. दिवस न देता हरला तर पत्रकार परिषदेत कोचच्या शेजारी दिवस न देणाऱ्यालाही बसवा.

यंदा त्याच शाळेतून परत फोन आला. क्रीडाशिक्षक बदललेत, नवीन मॅडम आहेत. मी म्हणालो, येतो, पण पंधरा दिवसांसाठी नाही, आत्तापासून फेब्रुवारीपर्यंत, आठवड्यातून तीन दिवस, आणि सहावी-सातवीची पोरं द्या. सतराखालच्या टीमचं तुम्ही बघा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, सहावीच्या पोरांना यंदा कोणती टूर्नामेंट आहे?" मी म्हटलं, कोणतीच नाही. "मग मॅनेजमेंटला काय सांगू?"

त्यांचा निरोप अजून आलेला नाही.